पार्सल पोचतं करण्याबाबत

२ मार्च

लहानपणी आई एकदा म्हणाली होती, "हिच्या हाती काही पोचवायला देणं म्हणजे मांजराला दूध आणायला धाडणं." कारण काय, तर मावशीची छत्री परत द्यायला मला पाठवलं होतं आणि ती मी दिली नाही. छत्री अजून आमच्याकडे आहे. चांगली आहे, लाकडी मुठीची.

आई गेली, मावशी गेली, वाक्य मात्र घरात राहिलं. आज ते खोटं ठरवायची संधी आपण होऊन चालत आली आहे. लेकीला कुत्र्याचं पिल्लू पोचवायचं आहे. लेक डिसेंबरपासून सीमेपलीकडच्या देशात नोकरीला आहे, नकाशे करणाऱ्या ऑफिसात. तिसऱ्या मजल्यावर एक खोली. परवा म्हणाली, आई, संध्याकाळी दार उघडलं की आतून काहीतरी धावत यायला हवं. माझ्याबरोबर चष्म्याच्या दुकानात जी लेन्सवाली आहे, आत मशीनवर काचा घासते ती, तिच्या कुत्रीला पिल्लं झाली आहेत. लेकीने फोनवर बघूनच एका कानाचं टोक दुमडलेलं निवडलं.

सीमा गाडीने चार तास. येत्या रविवारी निघायचं, दुपारी पिल्लू द्यायचं, रात्री घरी. एवढं सोपं काम या घरात कुणी केलं नसेल.

संकल्प: लळा लावायचा नाही. नाव ठेवायचं नाही, नाव ठेवलं की माणूस अडकतं. तोवर नुसतं पार्सल म्हणायचं. पार्सल स्वयंपाकघरात, खोक्यात झोपेल.

३ मार्च

खोकं पॅसेजमध्ये आणलं. स्वयंपाकघरात फ्रिज घरघरतो. संकल्प तोच आहे, फक्त जागा बदलली.

लेकीचा फोन. ती रविवारीच करते, आज मंगळवार. पार्सल बघायला केला होता. कान दाखवला, शेपटी दाखवली, पोट दाखवलं. तू जेवलीस का, विचारलं. म्हणाली, आई, कॅमेरा खाली घे, तुझी हनुवटी दिसतेय.

५ मार्च

जनावरांच्या डॉक्टरकडे. डॉक्टरीण आहे, लेकीच्याच वयाची, आणि मला काकू म्हणते. दुर्लक्ष केलं.

म्हणाली, रविवारी नाही नेता येणार. पलीकडच्या देशाचा नियम असा की रेबीजची लस घेतल्याशिवाय पिल्लू आत घेत नाहीत. लस बारा आठवड्यांच्या आधी देता येत नाही. दिल्यावर पुढचे एकवीस दिवस पूर्ण जावे लागतात. आणि लसीच्या आधी चिप. हे पार्सल सात आठवड्यांचं.

मी म्हटलं, एवढासा जीव, याला रेबीज कुठून येणार, हे अजून कुणाला चावलेलंसुद्धा नाही. पार्सलने तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा अंगठा पकडला.

तिने समजावलं की इतक्या लहानपणी लस दिली तर ती नीट धरत नाही. आईकडून आलेलं संरक्षण अंगात शिल्लक असतं, ते असेपर्यंत बाहेरचं लागू पडत नाही. हे मला फार आवडलं. आईचं किती दिवस टिकतं, असं विचारलं. म्हणाली, काही आठवडे.

एवढंच?

मग चिप दाखवली. तांदळाच्या दाण्याएवढी, मानेच्या मागे कातडीखाली घालतात. त्यात नंबर असतो, यंत्र फिरवलं की कळतो. दाण्याला माझी हरकत नाही. पण सुईही दाखवली. सुई कसली, सरबताची नळी. मला खुर्ची दिली आणि पाणी.

नवरा म्हणाला, म्हणजे मे उजाडणार. मी म्हटलं, नियम ज्यांना नियोजन जमत नाही त्यांच्यासाठी असतात.

९ मार्च

पळवाट सापडली. अगदी लहान पिल्लं, अजून आईवर अवलंबून असलेली, आईसोबत गेली तर लसीशिवाय चालतं असं एका ठिकाणी लिहिलंय. लेकीला सांगितलं. ती म्हणाली, आई, कुत्र्याची आई. हो, मला कळतं तेवढं.

योजना: लेन्सवालीची कुत्री, बाईसाहेब, एका दिवसासाठी उसनी घ्यायची. पार्सल आणि बाईसाहेब दोघांना घेऊन जायचं, पार्सल तिथे ठेवायचं, बाईसाहेबांना परत आणायचं. इतकं साधं कसं कुणाला सुचत नाही.

आधी सीमेवरच्या कचेरीला फोन केला, पद्धत म्हणून. साहेबांनी विचारलं, पिल्लू अजून आईचं पितं का? मी म्हटलं, भावनिकदृष्ट्या. फोन कट झाला. रेंज नसावी.

१५ मार्च

रविवार. रंगीत तालीम.

लेन्सवाली बाईसाहेबांना घेऊन आली. पार्सल धावत आईकडे गेलं. बाईसाहेबांनी त्याच्यावर गुरगुरून घेतलं आणि नवऱ्याच्या पेपरवर जाऊन बसल्या. लेन्सवाली म्हणाली, अगं, तिने केव्हाच तोडलंय पोरांना. आता ओळखही देत नाही. किती सुखी आहे बघ. मी म्हटलं, ही कसली आई. लेन्सवाली म्हणाली, खरी आई, तिला आपलं काम संपलेलं कळतं. लेन्सवालीला मूलबाळ नाही. सोडून दिलं.

तरी गाडीत बसवून बघितलं. दुसऱ्या सिग्नलला बाईसाहेब ओकल्या, नेमक्या गिअरवर. पार्सल मजेत.

नवरा गाडी धुतोय. मला बादली नेऊन दे म्हणाला.

निष्कर्ष: लसच उत्तम. विज्ञानाला पर्याय नाही.

२१ मार्च

खोकं बेडरूममध्ये. पॅसेजमध्ये वारा लागतो.

पार्सल आज दुकानात माझ्याबरोबर. घरी एकटं कुरकुरतं, शेजाऱ्यांना त्रास. काउंटरखाली टोपलीत ठेवलं होतं. एका आजोबांना तपासणीची जड फ्रेम घातली, डोळे मिटून बसा म्हटलं, आत जाऊन नंबरच्या काचा घेऊन आले तर आजोबा डोळे मिटून बसलेले आणि नाकावर फ्रेम नाही. पार्सल टोपलीतून स्टुलावर आणि तिथून आजोबांच्या मांडीवर चढलं असणार; फ्रेम काउंटरखाली, तिची एक काडी पार्सलच्या तोंडात. आजोबांना विचारलं, कळलं कसं नाही? म्हणाले, मला वाटलं तुम्हीच काढलीत, ओठ फार मऊ लागले.

मालक म्हणाले, याचं नाव काय? पार्सल. मग पाठवा ना, म्हणाले.

लेकीचा फोन आता रोज येतो, जेवणाच्या वेळी. पार्सलसाठी. माझा त्यात काही संबंध नाही, मी फक्त फोन धरते. तरी आज केस नीट विंचरले. चुकून कॅमेऱ्यात आले तर असावं.

७ एप्रिल

काल बारा आठवडे पूर्ण. आज लस झालीसुद्धा.

बागेत मोफत शिबिर होतं. रांग लहान. पार्सलने सुई टोचल्याचं मनावरही घेतलं नाही, तो कंपाउंडरच्या बुटाच्या नाडीत गुंतला होता. (तो म्हटलं. ते. असो.) कार्डावर तारीख, शिक्का, सही. डॉक्टरीणबाईंकडे न जाता काम झालं.

चिप नंतर. आधी चिप मग लस असं ती म्हणाली होती खरं, पण डॉक्टरांना सगळं क्रमाने करायची सवय असते. एका दिवसात दोन सुया, त्यातली एक नळी, म्हणजे निर्दयपणा. आणि क्रमाने काय फरक पडतो? आधी बूट घातला काय नि आधी मोजा घातला काय, शेवटी पाय झाकला जातो.

या महिन्याच्या अखेरीला एकवीस दिवस पूर्ण. एक मेला निघायचं. लेकीला कळवलं. ती ऑफिसातून येता येता पाण्याची वाटी घेऊन आली, निळी, दाराजवळ ठेवली. मला फोनवर दाखवली. दाराजवळची रिकामी वाटी बघून मी उगाचच चष्मा काढून पुसला. परागकण असतात या दिवसांत.

१८ एप्रिल

पार्सल पलंगावर. पायाशी. म्हणजे सुरुवात पायाशी झाली. नवऱ्याने विचारलं, पार्सल कुणाचं आणि उशी कुणाची. संकल्प मोडलेला नाही. खोकं अजून बेडरूममध्येच आहे, त्यात नवऱ्याचे मोजे ठेवतो.

संध्याकाळी फोनवर लेक सांगत होती की ऑफिसात सगळे आपापल्या टेबलावर जेवतात, कुणी कुणाला घे म्हणत नाही. ती खिडकीशी उभी राहून खाते, खाली रस्ता बघत. मग लहानपणी ती ताटातलं कसं लपवायची त्यावर बोलणं गेलं. कुठे लपवायची ते आज कळलं. रेडिओच्या मागे. तेव्हाच म्हटलं होतं मी, रेडिओला मुंग्या का. फार हसलो. पार्सल कधीचा झोपला होता, आम्हा दोघींच्या लक्षातच नाही.

फोन त्याच्यासाठीच होता, हे नोंदवून ठेवते.

२४ एप्रिल

चिप बसवली. डोळे मिटले होते. मी. पार्सल बघत होता.

डॉक्टरीणबाईंनी नाव विचारलं. कुत्र्याचं, फॉर्मवर. मी म्हटलं, नाव ठेवलेलं नाही, पार्सल म्हणतो. तिने पार्सल लिहिलं. हाक मारली तर त्याने वळून बघितलं. आता काय करणार.

मग तिने कार्ड बघितलं. लसीची तारीख बघितली, चिपची तारीख बघितली, आणि पेन खाली ठेवलं. माझ्या आयुष्यात डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं की चांगलं काही झालेलं नाही.

म्हणाली, काकू, लस त्या दिवशी कुणाला दिली? मी म्हटलं, यालाच, कान बघ. ती म्हणाली, त्या दिवशी याला नंबर नव्हता. सीमेवर कान बघत नाहीत, नंबर बघतात. नंबराच्या आधीची लस धरत नाहीत. कागदावर तो तेव्हा कुणीच नव्हता.

कुणीच नव्हता. हा, जो माझ्या उशीवर घोरतो.

आज पुन्हा लस. दिवस पुन्हा पहिल्यापासून. मी तिला बुटाचं आणि मोज्याचं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. म्हणाली, काकू, आधी मोजाच घालतात.

लेकीला सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे अर्धा मे. दाराजवळची वाटी उचलून तिने ओट्यावर ठेवली. फोन चालू होता, त्यामुळे मला आवाज आला.

वाईट बातमी आहे. फारच वाईट. आणखी तीन आठवडे. नवरा म्हणतो, ही बातमी त्याला सांगताना मी गुणगुणत होते. मी गुणगुणत नाही. मला तो प्रकार येतच नाही.

१६ मे

दिवस काल भरले. आता कुणाचा बाप अडवू शकत नाही.

पण घाई नको. मोजताना लसीचा दिवस धरायचा की नाही, याबद्दल मतभेद असू शकतात. एकदा हात पोळलेत. एक आठवडा वर जाऊ द्यावा. दुकानात स्टॉक मोजायचा आहे, मालक रजा देणार नाहीत (विचारलेलं नाही, पण चेहऱ्यावरून दिसतं). शिवाय पार्सल कान खाजवतोय. आज दोनदा. आजारी जनावर सीमेपार न्यावं का, हा नैतिक प्रश्न आहे.

लेन्सवाली म्हणाली, तुला एक विचारू? मी म्हटलं, नको.

२० मे

नवऱ्याने न सांगता गाडीची सर्व्हिसिंग करून आणली, रजा काढली, सकाळी चहा झाल्यावर गाडी सुरू करून हॉर्न वाजवला. तीस वर्षांत या माणसाने कुठल्याही कामाला एवढा उत्साह दाखवलेला नाही.

नेमकं कार्ड सापडेना. शिक्के, तारखा, चिपचा नंबर, सगळं त्याच कार्डावर, त्याशिवाय निघणं शक्य नाही. ड्रॉवर उपसले, पर्स उपसली, पार्सलचं तोंडसुद्धा उघडून बघितलं. दुपार झाली. मग नवरा आत आला, स्टुलावर चढला आणि माळ्यावरच्या स्वेटरच्या पेटीतून, तळातून, कार्ड काढून दिलं. शोधलंसुद्धा नाही त्याने, सरळ तिथेच गेला.

ते तिथे कसं गेलं, कोण जाणे. तो एवढंच म्हणाला की मे महिन्यात स्वेटर कशाला काढले होतेस. तोवर ऊन चढलं होतं. पार्सलला उन्हाचा त्रास होतो. जाणं रहित.

२४ मे

लेकीचा फोन. पार्सलला दाखव म्हणाली नाही. सरळ म्हणाली, आई, तू आणणार आहेस की नाही?

मी म्हटलं, म्हणजे काय. ती म्हणाली, बाबांनी मला आजीचं मांजराचं वाक्य सांगितलं. छत्रीचंही. नवरा त्या वेळी भांडी विसळत होता. इतकं मन लावून तो कधी विसळत नाही.

मग म्हणाली, राहू दे, मीच येते. शनिवारी सकाळी पोचते, रविवारी दुपारी त्याला घेऊन निघते. माणसांना लस लागत नाही ना?

मी म्हटलं, अगं, कशाला उगाच दगदग, तिकिटाचा खर्च. हे मी फोन हातात धरून, सोफ्यावर उभी राहून म्हणत होते. सोफ्यावर कधी चढले ते आठवत नाही. पार्सलही चढला.

२७ मे

पडदे धुतले. पंखे पुसले. तिच्या खोलीतल्या बल्बला पिवळा उजेड आवडायचा तिला, तो आणला. बल्बला नाही, तिला. डोकं ठिकाणावर नाही. नवऱ्याला दोनदा दाढी करायला लावली. तो म्हणाला, ती आपली मुलगी आहे, तपासणी अधिकारी नाही. मालकांनी रजा मागताक्षणी दिली. म्हणाले, पार्सलही नेताय ना, मग दोन दिवस घ्या.

३० मे

आली. केस कापलेत. बारीक झाली आहे. मी काही बोलले नाही. पहिली दहा मिनिटं.

पार्सल आधी माझ्या पायांमागे लपला. तिने हाक मारली, तसे त्याचे कान उभे राहिले, दुमडलेला पण. आवाज ओळखीचा. तर तो पळत टेबलाकडे गेला, माझ्या फोनकडे. फोन चाटला. फोनच्या मागे जाऊन बघितलं. तिथे ती नाही. पुन्हा हाक मारली, पुन्हा फोन. लेक जमिनीवर बसून हसून हसून रडली, की रडून हसली, मला चष्म्याशिवाय नीट दिसलं नाही. चष्मा डोक्यावर होता.

मग त्याला कळलं. त्यानंतर त्याने आमच्याकडे बघितलंच नाही. रात्री तिच्या खोलीत झोपला. पिवळ्या उजेडात.

उशी आज पूर्ण माझी. फारच मोठी उशी आहे ती.

३१ मे

दुपारी गेली दोघं. पिशवीला जाळी होती, जाळीतून दुमडलेला कान तेवढा बाहेर. ऊन होतं, स्टँडपर्यंत पायी जायचं म्हणाली, म्हणून मी छत्री दिली. लाकडी मुठीची. परत आणून दे म्हटलं. ती म्हणाली, आई, या घरातली छत्री परत येते का कधी?

मावशीला नाही तर नाही, पुढे तरी सरकली.

१ जून

सीमा ओलांडल्याचा फोन. यंत्र फिरवलं, नंबर वाजला, साहेबांनी चिपची तारीख बघितली, लसीची बघितली, बोटांवर दिवस मोजले. नाव विचारलं. लेक म्हणाली, पार्सल. साहेब म्हणाले, पार्सलचा काउंटर पलीकडे आहे. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. चहा पिऊन होईपर्यंत काम संपलं. माझा मार्चपासूनचा अभ्यास आणि एका चहात संपला.

काही असो, पार्सल पोचलं. कुणी पोचवलं, हा तपशील आहे.

आई, बघ.

४ जून

फोन नाही. काल नव्हता, परवाही नव्हता. साहजिक आहे, आता तिला दाखवायला कुणी नाही. म्हणजे पार्सल तिकडेच आहे, मग फोन कशाला लागतो.

एक फोटो मात्र आला. उघडं दार, निळी वाटी सांडलेली, आणि हवेत काहीतरी तपकिरी, सगळं हललेलं. खाली तिने लिहिलंय, "दार उघडलं की." मोठा करून बघितला. कान दिसतो. लेन्सवालीला दाखवला. तिने खूप वेळ बघितला आणि मशीन सुरू केलं.

परतीचे नियमही वाचून ठेवले. आपल्या बाजूला रक्ताची तपासणी लागते, मग आणखी थांबावं लागतं. सहज म्हणून वाचले.

खोक्यातले मोजे नवऱ्याने काढून कपाटात ठेवले होते. मी परत खोक्यात ठेवले. जेवताना फोन दोघांच्या मध्ये, पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला, तो त्यानेच.

लेकीला मेसेज लिहिलाय. पाठवायचा आहे. ती म्हणणार, आई, रोज नाही गं जमायचं, रविवारी करते. ठाऊक आहे मला. मजकूर असा:

पार्सलला जेवणाच्या वेळी माझा आवाज ऐकायची सवय आहे. सवय एकदम तोडली तर त्याच्या पोटाला बरं नाही. तर रोज जेवताना फोन लावत जाशील का? कॅमेरा त्याच्यावरच ठेव. चुकून तुझी हनुवटी आली, तरी चालेल.